जिन्यावर काय घालायचं

खालची जमीन होऊन आठवडा झाला तरी जिना उघडाच होता. जुना गालिचा उपटल्यावर आतल्या फळ्या बाहेर आल्या होत्या. कडेला खिळ्यांची भोकं, मध्ये गोंदाचे काळपट ओघळ. खाली मधाच्या रंगाची नवी लाकडी जमीन आणि तिच्या पुढ्यात हा जिना, म्हणजे कुणी नवे कोरे कपडे घालून अनवाणीच लग्नाला निघावं तसं दिसत होतं.

जमीनवाला नमुन्यांची चळत ठेवून गेला होता. सोमवारी सकाळी काय ते सांगा, नाहीतर माझी माणसं दुसऱ्या कामाला लागतील, असं बजावून. म्हणून रविवारी ताई पहिल्या बसने आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पण आई गेल्यापासून या घरात एक खिळासुद्धा आपल्याला विचारल्याशिवाय ठोकला जाऊ नये असं तिचं मत होतं, आणि चप्पल काढता काढताच ते तिने सांगूनही टाकलं.

"जमीन बरी आहे," ती म्हणाली. "जरा गुळगुळीत आहे. बाबा घसरतील."

"नाही घसरत," सून म्हणाली. "आठवडाभर चालतायत."

"बरी आहे असंच म्हटलं ना मी."

जमिनीची निवड सुनेची होती. रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेत ती दिवसभर उभी असायची, आणि संध्याकाळी घरात शिरताना निदान स्वतःच्या घराला तरी वास नसावा एवढीच तिची इच्छा होती. वर्षभर तो वास होता. जिन्यातून यायचा. फिनेल झालं, लिंबू झालं, गालिचा धुणारी माणसं येऊन गेली. शेवटी मुकादम एका गोदामवाल्याला देऊन टाकला, गालिचा काढला, मग म्हटलं एवढं काढलंच आहे तर जमीनही करून घेऊ.

मुकादम म्हणजे कुत्रा. दिवसभर जिन्याच्या तळाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायचा, म्हणून आईने त्याला ते नाव दिलं होतं. पिल्लू असताना त्याला ताईनेच आणला होता. त्यामुळे तो गेल्यापासून नणंद-भावजयीत सरळ बोलणं असं उरलंच नव्हतं.

सुनेचा नवरा, ताईचा धाकटा भाऊ, मोजपट्टी घेऊन आला. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट तो सांभाळायचा. पन्नाशीला टेकला होता, तरी घरात सगळ्यांसाठी अजून छोटूच.

"लोकांना जिना चढावा लागू नये म्हणून तू जन्म घालवलास," ताई म्हणाली, "आणि तुझ्या घरात जिन्यावरून सभा भरलीय."

"सभा तू भरवलीस," तो म्हणाला.

तिने नमुने एकेका पायरीवर पसरले आणि स्वतः जिन्याच्या मधोमध ठाण मांडलं. राखाडी लोकरीचा गालिचा. तांबडा पट्ट्यापट्ट्यांचा. खालच्या जमिनीसारखंच लाकूड. आणि सगळ्यांत शेवटी, कुणी न मागताच जमीनवाल्याने ठेवलेला रबराचा एक जाड तुकडा, बसच्या पायरीवर असतो तसला.

"तांबडा," ताईने निकाल दिला. "घराला जरा जीव येईल."

"लाकूडच करू," छोटू म्हणाला. "एकसारखं दिसेल. उगाच खिचडी कशाला?"

"मला राखाडी हवाय," सून म्हणाली. "पायाला मऊ लागतो. आणि आता खराब करायलाही कुणी नाही."

शेवटचं वाक्य कुणासाठी होतं ते ताईला बरोबर कळलं. तिने ओठ घट्ट मिटले. छोटूने दोघींकडे पाहिलं आणि बायकोच्या बाजूने सरकला. "राखाडीही चालेल म्हणा. जमिनीबरोबर जातो."

"जाईल ना. तू पण जातोस तिच्याबरोबर."

तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीतून बाबा म्हणाले, "रबर घ्या."

तिघांनी वळून पाहिलं.

"पुसता येतं," बाबा म्हणाले.

ताई हसली. छोटूही हसला. "बाबा, हे घर आहे, तुमचा तलाव नाही."

"आणि पुसायचं काय आता?" सून म्हणाली. तिला खरोखर वाईट बोलायचं नव्हतं. बाबांना समजावावं, एवढंच मनात होतं. "ज्याला लाज नव्हती तो गेला. एवढं वय झालं तरी जिन्यात घाण करायची, आणि वर असं तोंड करून बसायचं, की जणू आपण त्या गावचेच नाही."

बाबांनी मान खाली घातली आणि हातातल्या वर्तमानपत्राची घडी नीट केली.

*

अख्खं शहर त्यांना मास्तर म्हणायचं. पोहण्याच्या तलावावर शिकवण्यात त्यांनी उभी हयात काढली होती. आता केस पिकलेली माणसं रस्त्यात थांबवून सांगायची, मास्तर, तुमच्या तळहातावर मी पहिल्यांदा तरंगलो. रडणाऱ्या पोरांना ते एकच वाक्य सांगायचे: घाबरू नकोस, अंग तुझं आहे, ते तुझंच ऐकणार.

गेल्या हिवाळ्यापासून ते ऐकेनासं झालं होतं. बाथरूम वर होतं, एकच. दिवसभर ते खाली बसायचे. जायला हवं असं वाटण्यात आणि होऊन जाण्यात पूर्वी बराच वेळ असायचा, तो आता जिन्याएवढाही उरला नव्हता. पहिल्यांदा झालं तेव्हा ते अर्ध्या जिन्यावर कठडा धरून उभे होते आणि खालून मुकादम मान वाकडी करून बघत होता. ते वर गेले, कपडे बदलले, फडक्याने गालिचा टिपला आणि येऊन खुर्चीत बसले. संध्याकाळी सून कामावरून आली. जिना चढताना तिचा पाय ओल्यावर पडला.

"मुकादम, हे काय रे?" ती म्हणाली.

त्या क्षणी बोलता आलं असतं. घसा खाकरायला लागतो तेवढाच वेळ हवा होता. बाबा म्हणाले, "म्हातारा झालाय तो."

एकदा असं म्हटल्यावर पुढच्या वेळी काही म्हणावंच लागलं नाही. प्रत्येक वेळी घरात त्या कुत्र्याविषयी जे बोललं जायचं ते बाबा खुर्चीत बसून ऐकायचे. कोडगा झालाय. समजतं सगळं, पण मुद्दाम करतो. आता ठेवण्यात काही अर्थ नाही. शब्द न् शब्द त्यांच्याच पदरात पडत होता आणि ते मान हलवत होते. एके दिवशी छोटू म्हणाला, "बाबा, तुम्ही घरात असता, जरा धाक दाखवा ना त्याला." तेव्हा ते उठले आणि मुकादमच्या नाकावर त्यांनी चापट मारली. सून बघत होती. कुत्रा गुरगुरला नाही. टेबलाखाली जाऊन बसला.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, हे त्यांना कळत होतं. पण कळून उपयोग काय? मुकादम गेल्यापासून ते एकाच चहावर भागवायचे आणि गरज नसतानाही तासातासाला वर जाऊन यायचे.

आता त्यांच्या पोटात दुसरा चहा होता. ताईने हातात कप दिला होता आणि नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. ते उठले आणि जिन्याच्या दोन पायऱ्या चढले.

"जरा वर जाऊन येतो."

"थांबा हो बाबा," ताई म्हणाली. ती अजून जिन्याच्या मधोमध बसली होती. "आधी बोट दाखवा. रबर सोडून. तांबडा की राखाडी?"

"कुठलाही."

"कुठलाही म्हणजे राखाडी धरतील ही माणसं. नीट सांगा." तिने हसत त्यांचं मनगट धरलं. मनात तिला आनंदच होता. बाबांनी तिच्या बाजूने एक शब्द बोलावा म्हणून ती केव्हाची वाट बघत होती.

"मला जाऊ दे."

"जा ना, सांगून जा. आणि पाय जपून, त्या नमुन्यावर नका देऊ, परत द्यायचाय तो."

बाबा तिथेच थांबले. पुढे ताई, मनगटावर तिचा हात, मागे छोटू मोजपट्टी लावून वाकलेला. त्यांनी श्वास धरला, जसा ते पोरांना धरायला शिकवायचे. ते झालंच. आवाज झाला नाही. राखाडी लोकरीचा तुकडा त्यांच्या पावलाखाली गडद होत गेला आणि त्याच्या कडेवरून खालच्या पायरीवर एक धार उतरली.

छोटूच्या हातातली मोजपट्टी सर्रकन डबीत शिरली.

"चहा सांडला वाटतं," ताई म्हणाली. बाबांच्या हातात कप नव्हता.

बाबांनी आधी पायरीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"तो कुत्रा नव्हता," ते म्हणाले. "एकदाही नव्हता."

त्यांनी मनगट सोडवून घेतलं आणि भिंतीच्या बाजूने ताईला ओलांडून ते वर गेले. बाथरूमची कडी लागल्याचा आवाज आला.

*

छोटूने फडकं आणलं. गुडघे टेकून पायरी पुसायला लागला. त्याला वाटत होतं, पुसून होईपर्यंत कुणी बोलू नये. पण ताई गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

"तू लॅबमध्ये काम करतेस," ती भावजयीला म्हणाली. "दिवसभर त्याच बाटल्या हाताळतेस. तुला वास ओळखता आला नाही?"

"ताई, आत्ता नको," छोटू म्हणाला.

"आत्ताच. माझा कुत्रा हाकलून दिला या घरातून. आणि मला फोनवर सांगितलं, तुमचा लाडोबा आवरत नाही."

सून भिंतीला टेकून उभी होती. आधी तिने मान हलवली, नाही म्हणून. मग म्हणाली, "आला होता ओळखता."

"काय?"

"गालिचा काढला त्या दिवशी. खालचा थर उचलला तेव्हा. कुत्र्याचा वास असा नसतो." ती थांबली. "मुकादमला देऊन तेव्हा महिना झाला होता. मला वाटलं, आता कशाला. बाबांना लाज वाटेल. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे घर स्वच्छ झालं होतं आणि मला बरं वाटत होतं. त्यानंतरही मी त्याला नावं ठेवत राहिले. मघाशीसुद्धा ठेवली."

ताईने भावाकडे पाहिलं. तो एकाच जागेवर फडकं फिरवत होता.

"तुला माहीत होतं?"

"त्यांना पॅन्ट धुताना पाहिलं होतं," छोटू म्हणाला. "पहाटे. बाथरूममध्ये. नळ बारीक सोडून, आवाज होऊ नये म्हणून. मी दारातनं मागे फिरलो. म्हटलं, झाकली मूठ बरी."

"आणि त्यानंतर कुत्र्याला धाक दाखवा म्हणालास?"

"हो," तो म्हणाला. "त्यानंतर."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे एक त्याने तिला सांगितलं नव्हतं, आणि तिनेही त्याला. दोघं एकाच गादीवर झोपत होती.

ताई त्याच पायरीवर बसून होती. आता आपण सरळ उठून निघून जावं, तोऱ्यात, असं तिचं तिलाच वाटत होतं. पण तिला उठवेना.

"माझ्याकडे राहायला आले होते ना," ती हळू म्हणाली, "दुसऱ्याच दिवशी परत आले. तुम्हाला सांगितलं, तिकडे करमेना. मी त्यांच्या गादीवर प्लास्टिक घातलं होतं. चादरीखाली. काही बोलले नाही, नुसतं घालून ठेवलं. रात्री त्याचा आवाज झाला असेल. सकाळी पिशवी भरून दारात उभे होते." तिने नाक पुसलं. "मला वाटलं होतं, एवढ्यात कुठे. एखाद्या वेळी होतं माणसाचं."

"मग कुत्र्यावरून आमच्याशी भांडत का होतीस?" छोटूने विचारलं. रागाने नाही.

"कुत्र्यावरून भांडणं सोपं होतं," ताई म्हणाली.

वरून पाण्याचा आवाज येत होता. नळ बारीक सोडला होता.

*

सून वर गेली. बाथरूमच्या दाराबाहेर जमिनीवर बसली आणि नळ बंद होण्याची वाट बघितली.

"बाबा."

तिने घडी केलेले कपडे उंबऱ्यापाशी सरकवले.

"कपडे दाराशी ठेवलेत. घाई नाही."

आतून बाबा म्हणाले, "ती दोघं खाली काय म्हणतायत?"

"काही नाही. बसलीयेत." तिला आणखी काही सांगायचं होतं, पण जे सुचत होतं ते सगळं समजूत घातल्यासारखं होतं. शेवटी तिने कामाचंच बोलणं काढलं. "याला औषध असतं. बऱ्याचदा प्रोस्टेटची गाठ वाढलेली असते, ती दाबते. सकाळी माझ्याबरोबर चला. नमुना मी स्वतः तपासेन, दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार नाही."

"तू नको."

तिचा चेहरा तापला. तिला वाटलं होतं, आपण मोठेपणा दाखवतोय.

"बरं," ती म्हणाली. "मी नाही. दुसरीकडे जाऊ. छोटू येईल. नाहीतर एकटे जा."

कडी निघाली. दार थोडंसं उघडलं, हात बाहेर आला, कपडे आत गेले, दार पुन्हा लोटलं गेलं.

"मी मारलं होतं त्याला," बाबा आतून म्हणाले. "तू होतीस तिथे."

"होते."

"तुला काय वाटलं तेव्हा?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. कुणीही बोललं असतं. "मला बरं वाटलं होतं," सून म्हणाली. "वाटलं, चला, बाबा माझ्या बाजूने आहेत."

मग दार पूर्ण उघडलं. बाबांनी केस विंचरले होते, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावली होती. ते तिच्या डोक्यावरून पलीकडे, जिन्याकडे बघत होते.

"रबरच टाका," ते म्हणाले. "औषध लागू पडेल तेव्हा पडेल."

"टाकू. आणि छोटू म्हणत होता, जिन्याखाली जागा आहे, तिथे छोटं बाथरूम बसेल." तो असं काही म्हणाला नव्हता. पण ती आता खाली जाऊन त्याला हे म्हणायला लावणार होती.

"तो गोदामवाला," बाबा म्हणाले. "त्याचा पत्ता कुणाकडे आहे?"

*

दुपारी छोटूने कामाची व्हॅन काढली. पुढे बाबा बसले, मागे अवजारांच्या पेट्यांवर त्या दोघी. शहराच्या टोकाला रिकाम्या खोक्यांचं गोदाम होतं, आणि त्याच्या फाटकाशी राखणदाराची खोली. राखणदार दारातच खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या पायाशी मुकादम होता, अंगावर जुना स्वेटर घातलेला.

ताई आधी उतरली. कुत्रा उठला, तिच्यापर्यंत आला, हात चाटला, शेपूट हलवली. मग सगळ्यांकडे एकेकदा जाऊन आला, लग्नघरातल्या पाहुण्यासारखा, आणि परत राखणदाराच्या पायाशी जाऊन बसला.

"साहेब, पाणी पिणार का?" राखणदार म्हणाला. छोटू नको म्हणायला तोंड उघडणार, तोच कुत्रा उठून भांड्याकडे गेला. "साहेब म्हणतो मी त्याला," राखणदाराने सांगितलं.

"मुकादमचा साहेब झाला," ताई पुटपुटली. कुणी हसलं नाही.

बाबा पुढे झाले. त्यांनी विचारलं, "घाण करतो का हा? आत?"

"नाही हो." राखणदाराला प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "तुम्ही देताना सांगितलं होतंत म्हणून सुरुवातीला बाहेरच बांधायचो. फाटकापाशी. थंडीचे दिवस होते, खोकला लागला त्याला. मग एकदा आत घेतला आणि बघितलं, तर हा दार वाजवून बाहेर जातो. एकदाही नाही केली. तेव्हापासून आतच असतो, माझ्या खाटेखाली. मला वाटलं, तुमच्याकडे त्याला काही त्रास असेल."

सुनेने छोटूकडे पाहिलं नाही. छोटू फाटकाच्या कुलपाकडे बघत होता.

"तिथेही त्याने केली नव्हती," बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते, पण आवाज तलावावरचा होता, पलीकडच्या काठावर ऐकू जाणारा. "मी करत होतो. मला आवरत नाही. नाव त्याच्यावर गेलं आणि मी जाऊ दिलं."

राखणदार सावकाश उठला आणि आपली खुर्ची बाबांपुढे सरकवली. बाबा बसले नाहीत.

"म्हणजे न्यायला आलात," राखणदार म्हणाला. खाली वाकून तो कुत्र्याचा स्वेटर सारखा करू लागला. तो सारखाच होता.

ताईने बाबांचा दंड धरला. तिला कुत्रा हवा होता. तो तिचाच होता, आईचा होता, आणि घरी नेला असता तर सगळ्यांनाच जरा बरं वाटलं असतं. तिने बाबांकडे पाहिलं आणि हात काढून घेतला.

"नाही," बाबा म्हणाले. "तो तुमचा आहे. हे सांगायला आलो होतो, की तो चांगला आहे."

"ते माहीत आहे मला," राखणदार म्हणाला.

परत निघाले तेव्हा कुत्रा फाटकापर्यंत आला आणि तिथूनच मागे फिरला. व्हॅन मोठ्या रस्त्याला लागली. सून पेटीवर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होती. ताईने एकदा तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. दोघींनाही त्याचं काय करावं ते कळलं नाही.

बाबांनी दोनदा पाय हलवले. छोटूच्या ते लक्षात आलं. त्याने वेग वाढवला, न बोलता, घर लवकर यावं म्हणून. मागे सुनेच्याही लक्षात आलं होतं. ताईने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"छोटू, थांबव," बाबा म्हणाले. "मला लघवीला जायचंय."

त्याने पुढच्या पेट्रोल पंपावर व्हॅन आत घेतली. सून दार उघडून उतरायला लागली. "मी विचारून येते, कुठे आहे ते."

"मी विचारतो," बाबा म्हणाले.

ते उतरले आणि पंपावरच्या पोरीकडे चालत गेले. रांगेत दोन गाड्या होत्या, माणसं उभी होती. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. पोरीने मागच्या बाजूला हात केला. बाबा तिकडे वळले, जेवढं भरभर चालता येत होतं तेवढं.

तिघं गाडीत बसून राहिली. कुणीच दुसरीकडे बघितलं नाही. तिकडचं दार उघडून बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या पॅन्टवर, गुडघ्याच्या वर, एक छोटासा ओला डाग होता. त्यांनी तो झाकला नाही. व्हॅनमध्ये बसले, पट्टा लावला.

"चला," ते म्हणाले.